डाग न पुसणारा

वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी ऑफ आर्ट म्हणजे गुलाबी झाक असलेल्या संगमरवराचा वाडा. या वाड्याच्या दिवाणखान्यात लिओनार्दोची जिनेव्रा दे बेन्ची बसलेली असते. थोडं पुढे गेलं की रेम्ब्राँ, व्हर्मीर. ज्यांना अमेरिका आपले म्हणते ते चित्रकारही मानाने मांडलेले आहेत. कोप्लीच्या चित्रात शार्कच्या जबड्यासमोर पाण्यात उताणा पडलेला पोरगा आहे, विन्स्लो होमरची होडी वाऱ्याने कललेली आहे, आणि व्हिसलरची पांढऱ्या झग्यातली मुलगी कोणाकडेच न बघता उभी आहे. लोक येतात, थबकतात, पुढे जातात. तिकीट नाही, त्यामुळे गर्दीही मोकळी असते.

त्याच घरात आणखी एक रहिवासी आहे. तो भिंतीवर नसतो, खोक्यांमध्ये आडवा पडून असतो. जलरंगाला उजेड सोसत नाही, म्हणून त्याला फार वेळ बाहेर काढतही नाहीत. त्याचं पूर्ण नाव इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन. मी त्याला नुसतं इंडेक्स म्हणते. इतक्या वर्षांच्या ओळखीनंतर पूर्ण नावाने हाक मारवत नाही.

हा इंडेक्स म्हणजे १८,००० हून अधिक जलरंगचित्रं. सगळी कागदावर, सगळी वस्तूंची. एका पानावर दुधाचा मातीचा जग, दुसऱ्यावर खुर्ची, तिसऱ्यावर लहान मुलीची बाहुली. जहाजाच्या नाकावरची लाकडी बाई, गोल फिरणाऱ्या पाळण्यावरचे कोरीव प्राणी, गोधड्या, कुलपं, चुलीची झाकणं, चर्चच्या शिखरावरचे वातकुक्कुट, तंबाखूच्या दुकानाबाहेर उभे केलेले पुतळे. लढाई नाही, डोंगर नाही, राष्ट्राध्यक्ष नाही. वस्तू पानाच्या मधोमध आणि भोवती कोरा कागद. बस्स.

आमची ओळख गैरसमजातून झाली. संगणकाच्या पडद्यावर काहीतरी भलतंच शोधत असताना एक विणलेली चादर समोर आली. जुन्या कापडाचा छान फोटो आहे, असं म्हणून मी पुढे जाणार होते. खाली ओळ होती: जलरंग, कागदावर. मी परत वर पाहिलं. चित्र मोठं केलं. आणखी मोठं केलं. तेव्हा कुठे दिसलं की उभा धागा आडव्या धाग्याखालून जातो ती प्रत्येक जागा कोणीतरी कुंचल्याच्या टोकाने केलेली आहे. जिथे सूत जीर्ण झालंय तिथे रंग पातळ केलाय. कापड जिथे किंचित फुगलंय तिथे एक इवलीशी सावली ठेवलीय. मशीनने एका क्षणात टिपावं ते कुणा माणसाने दिवसांमागून दिवस बसून केलं होतं. मी त्या रात्री दुसरं काही शोधलं नाही.

त्याच्या जन्माची गोष्ट सांगायची तर भुकेपासून सुरुवात करावी लागते. १९२९ साली न्यू यॉर्कचा शेअरबाजार कोसळला. १९३३ पर्यंत अमेरिकेत कामधंदा करणाऱ्या दर चार माणसांमागे एक जण घरी बसला होता. त्यात चित्रकारांची काय कथा? ज्याच्या घरात पाव नाही तो चित्र कशाला विकत घेईल? १९३५ साली फ्रँकलिन रूझवेल्टच्या सरकारने लोकांना काम देण्याची मोठी योजना काढली, आणि तिच्यात कलावंतांसाठीही एक शाखा ठेवली. तिचं नाव फेडरल आर्ट प्रोजेक्ट. शिरायचं तर बहुतेकांना आपण गरजू आहोत हे आधी सिद्ध करून द्यावं लागे. न्यू यॉर्कमध्ये त्या योजनेवरच्या चित्रकाराला आठवड्याला साधारण २३-२४ डॉलर मिळत. श्रीमंती नव्हे, पण भाडं आणि जेवण त्यात निघायचं.

योजनेचा प्रमुख होल्गर केहिल. मूळचा आइसलंडचा, पोरवयात अमेरिकेत आलेला, पडेल ते काम करून मोठा झालेला माणूस. १९३२ साली न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याने सामान्य माणसांच्या कलेचं प्रदर्शन भरवलं होतं. सुतार, लोहार, रंगारी, घरातल्या बायका यांनी केलेल्या वस्तू त्याने आधुनिक चित्रांच्या घरात आणून मांडल्या. इंडेक्सला तो असा योग्य पालक मिळाला.

पण इंडेक्सची कल्पना मुळात दोन बायकांची. न्यू यॉर्क पब्लिक लायब्ररीत चित्रांचा मोठा संग्रह होता, आणि तो रोमाना जॅविट्झ सांभाळत. कापडाचे, फर्निचरचे, पोस्टरचे डिझायनर त्यांच्याकडे येत आणि नमुने मागत. युरोपातल्या देशांनी आपापल्या जुन्या वस्तूंची जाडजूड चित्रपुस्तकं काढलेली होती. अमेरिकेच्या वस्तूंचं असं काहीच नव्हतं. आपल्या देशातल्या जुन्या खुर्चीचा नमुना द्या असं कोणी म्हटलं की जॅविट्झबाईंना हात हलवत परत पाठवावं लागे. कापडाच्या डिझायनर रूथ रीव्हज् त्यांच्या वाचनालयात येत असत. दोघींच्या बोलण्यातून ही गोष्ट निघाली. देशभर वस्तू आहेत, देशभर चित्रकार रिकामे बसलेत, तर एकाला दुसऱ्यासमोर का बसवू नये? किती सरळ विचार! सरकारी योजना एवढ्या सरळ विचारातून निघते हे फार क्वचित घडतं. रीव्हज् या इंडेक्सच्या पहिल्या राष्ट्रीय पर्यवेक्षक झाल्या.

मग तीसहून अधिक राज्यांत काम सुरू झालं. शेकडो चित्रकार कामाला लागले. कोणी मासिकांसाठी चित्रं काढलेला, कोणी जाहिराती रंगवलेला, कोणी मोठ्या कलाशाळेतून आलेला, कोणी स्वतःच्या हाताने शिकलेला. संग्रहालयात, जुन्या घरात, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या दुकानात ते वस्तूसमोर जाऊन बसले.

इंडेक्सचा स्वभाव घडला तो बॉस्टनला. जोसेफ लिंडन स्मिथ नावाचा चित्रकार इजिप्तमधल्या थडग्यांतली कोरीवकामं हुबेहूब रंगवण्यासाठी नावाजलेला होता. दगडाचा खरखरीतपणा, उडालेला रंग, तुटलेली कड, सगळं तो कागदावर आणि कॅनव्हासवर उतरवी. बॉस्टनच्या संग्रहालयातल्या सुझॅन चॅपमन यांना ही रीत अवगत होती. मॅसॅच्युसेट्समधल्या इंडेक्सच्या चित्रकारांना त्यांनी ती शिकवली, आणि तिथून ती इतर राज्यांत पसरली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या राजाच्या थडग्यासाठी कमावलेली नजर आता पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्याच्या पेटीवर स्थिरावली. मला या गोष्टीचं राहून राहून कौतुक वाटतं. राजाच्या वस्तूसाठी एक डोळा आणि शेतकऱ्याच्या वस्तूसाठी दुसरा, असं त्यांनी केलं नाही.

रीत सांगायला सोपी, करायला जीव घेणारी. आधी पेन्सिलीने नेमकी बाह्यरेषा. मग पारदर्शक रंगाचा पातळ थर. तो वाळला की दुसरा, मग तिसरा. पांढरा रंग लावून चकाकी आणायची नाही. जिथे उजेड हवा तिथे कागदच मोकळा सोडायचा. चित्रातला मातीचा जग चमकतो तो मागच्या कागदामुळे. म्हणजे उजेड कुठे राहणार हे पहिला थर द्यायच्या आधीच ठरवावं लागतं, कारण एकदा तिथे रंग गेला की गेला.

फोटो का नाही काढले, असं कोणीही विचारील. त्या काळी रंगीत छायाचित्रण महाग होतं आणि त्याचे रंग टिकतील याची खात्री नव्हती. काळ्यापांढऱ्या फोटोत गोधडीचा लाल आणि निळा सारखेच करडे होतात. आणि मुख्य म्हणजे काम माणसांना द्यायचं होतं. पण मला वाटतं, हेतू काहीही असो, हाती लागलं ते फोटोने कधीच लागलं नसतं. कॅमेरा बटण दाबलं की वस्तूपासून मोकळा होतो. हा चित्रकार तिच्यासमोर आठवडेच्या आठवडे बसून राहिला. कुठला कंगोरा कुणाच्या हाताने झिजला, जगाचा कान कुठे दुरुस्त केलाय, खुर्चीच्या आडव्या दांडीवर टाचा टेकवून टेकवून कुठे खाच पडलीय, हे त्याला कळत गेलं, आणि कळलं ते त्याने काढलं.

इंडेक्सचा हाच गुण मला सर्वांत प्रिय आहे. तो खुशामत करत नाही. जुनी वस्तू नवी करून दाखवत नाही. तडा गेला असेल तर तडा, गंज असेल तर गंज, कीड लागली असेल तर किडीची भोकं. लग्न जुळवायला काढलेल्या फोटोसारखं त्यात काही नाही. पण वस्तूची कीवही त्याला येत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या त्याच्यावर माया असलेला माणूस पाहतो तसा तो पाहतो. प्रत्येक रेघ ओळखीची, एकही वगळायची नाही.

त्याचं एक पान मी वर्षातून दोनचारदा तरी उघडते. मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूबरीपोर्ट गावातल्या एका चर्चसाठी १८४० साली बॉस्टनच्या कारागिरांनी वातकुक्कुट घडवला. कोंबडा नव्हे, देवदूत गॅब्रिएल. धातूचा, वर सोन्याचा वर्ख. तोंडाला लांब तुतारी लावून तो आडवा उडतोय, अंगरखा मागे वाहतोय, पंख वर. शिखरावर राहून वारा जिकडून येईल तिकडे तोंड वळवायचं एवढंच त्याचं काम. जवळजवळ १०० वर्षांनी, १९३९ च्या सुमाराला, ल्युसिल शाबो या तरुण चित्रकर्तीने त्याला कागदावर उतरवलं.

सोनं रंगवणं म्हणजे काय, हे ज्याने कधी जलरंग हातात घेतलाय त्यालाच कळेल. आणि हे नवं सोनंही नव्हे. पाऊस, बर्फ आणि समुद्रावरचा खारा वारा खाल्लेलं सोनं. कुठे वर्ख शाबूत आहे, कुठे विटलाय, कुठे पार निघून खालचा मळकट थर वर आलाय. शाबोने पिवळा, तपकिरी, हिरवट असे पातळ थर एकावर एक चढवत नेले आणि कुठेही सोनेरी रंगाची बाटली न उघडता ते म्हातारं सोनं उभं केलं. पाहताना वाटतं, बोट लावलं तर थंड लागेल. कोऱ्या कागदावर तो देवदूत तरंगत असतो. खाली चर्च नाही, आकाशही नाही, आणि तरी वारा असतो.

याच देवदूताने इंडेक्सला एकदाच घरोघरी नेलं. १९६५ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने नाताळचं ५ सेंटचं तिकीट काढलं, ते शाबोच्या या चित्रावरून. कोट्यवधी लिफाफ्यांवर तो चिकटला, शिक्के खाल्ले आणि कचऱ्यात गेला. जीभ लावून तिकीट चिकटवणाऱ्यांपैकी कितींना माहीत असेल की मंदीच्या दिवसांत सरकारी पगारावर एका बाईने हे सोनं थर चढवून चढवून तयार केलंय?

मॅग्नस फॉसम नावाच्या चित्रकाराचा एक प्रसिद्ध फोटो आहे. फ्लोरिडातलं कोरल गेबल्स, फेब्रुवारी १९४०. तो इंडेक्ससाठी १७७० सालच्या एका चादरीची नक्कल करतोय. नक्कल हा शब्द आपल्याकडे हलका समजला जातो. नकलाकार म्हटलं की माणूस लहान होतो. पण तो फोटो पाहिल्यावर मी तो शब्द हलका म्हणून वापरायचं सोडून दिलं. विणणाऱ्याने जेवढ्या वेळा धोटा टाकला असेल तेवढ्या वेळा या माणसाला कुंचला टेकवावा लागला. दीडशेहून अधिक वर्षांनी एका अनोळखी कारागिराचं सगळं काम त्याने पुन्हा एकदा आपल्या हातातून जाऊ दिलं. याहून मोठा मान एक कारागीर दुसऱ्याला काय देणार?

विल्हेल्म शिमेलच्या पक्ष्यांकडेही असंच पाहावं. शिमेल जर्मनीतून आलेला, पेनसिल्व्हेनियाच्या कंबरलँड खोऱ्यात गावोगाव भटकणारा. चाकूने लाकडाचे गरुड आणि कोंबडे कोरायचा, भडक रंग लावायचा, आणि जेवण, दारू किंवा रात्रीचा निवारा यांच्या बदल्यात देऊन टाकायचा. १८९० साली तो अनाथाश्रमासारख्या गरिबांच्या सरकारी घरात वारला. पुढे त्याचे पक्षी संग्राहकांनी शोधशोधून जमवले, आणि इंडेक्सच्या चित्रकारांनी ते कागदावर आणले. चाकूचे घाव, पंखांवरच्या आडव्यातिडव्या खाचा, उडालेला रंग. जेवणासाठी पक्षी कोरणाऱ्या माणसाचं काम, जेवणापुरत्या पगारावर चित्र काढणाऱ्या माणसाच्या हाती आलं. एकाने दुसऱ्याला ओळखलं असणार असं मला नेहमी वाटतं. त्या पानांत घाई कुठेच दिसत नाही.

प्रत्येक चित्राबरोबर माहितीचा एक कागद जोडलेला असे. वस्तू काय, कशाची, कधीची, कुणी घडवली, सध्या कुणाकडे आहे. गावच्या तलाठ्यासारखी इंडेक्सची ही सवय आहे, नाव-गाव-वय विचारल्याशिवाय तो कोणाला पुढे सोडत नाही. घडवणाऱ्याच्या जागी पुष्कळदा काहीच नसतं. गोधडी शिवणाऱ्या बाईचं नाव कोण लिहून ठेवतो? पण निदान तो प्रश्न विचारला गेला, त्याच्यासाठी जागा ठेवली गेली.

आता त्याचा दोषही सांगितला पाहिजे, कारण ज्याच्यावर जीव आहे त्याचा दोष झाकून ठेवला तर ते शब्दचित्र नव्हे, आरती होते. अमेरिकेची सूची असं नाव लावून बसलेल्या या गृहस्थाने त्या भूमीच्या मूळ लोकांची कला आपल्या वहीत घेतली नाही. नावाहोंचे गालिचे, प्युब्लो गावांतली मडकी, उत्तरेकडच्या जमातींच्या विणलेल्या टोपल्या, सगळं बाहेर. कारण असं दिलं गेलं की ते काम मानववंशशास्त्रज्ञ करतच आहेत. म्हणजे युरोपातून आलेल्या शेतकऱ्याची पेटी ही कला, आणि इथल्या माणसाचं मडकं हा अभ्यासाचा विषय. आणि त्याच इंडेक्समध्ये तंबाखूच्या दुकानाबाहेर गिऱ्हाईक बोलवायला उभे केलेले मूळ रहिवाशांचे लाकडी पुतळे मात्र पानोपानी आहेत, डोक्यावर पिसं, हातात तंबाखूची जुडी. गोऱ्या कोरणाऱ्याने कल्पनेने घडवलेला माणूस आत आला, आणि खऱ्या माणसाच्या हातचं काम दाराबाहेर राहिलं. हे दुःखाचं आहे. एवढी बारीक नजर असलेल्या माणसाला एवढी मोठी गोष्ट दिसू नये! त्याची पानं उलटताना ही रिकामी जागा लक्षात ठेवूनच उलटावीत.

न्यू मेक्सिकोतल्या आणि कॅलिफोर्नियातल्या स्पॅनिश वस्त्यांमधले लाकडी संत त्याने घेतले. शेकर पंथाच्या बंधुभगिनींची बिनकोरीवकामाची खुर्ची आणि पातळ लाकडाच्या लंबगोल डब्या घेतल्या, आणि त्या पानांवर तर तो फार शांत दिसतो. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन शेतकऱ्यांच्या ट्यूलिप काढलेल्या पेट्या घेतल्या. मधूनच शिस्तही मोडली. पर्किन्स हार्नली नावाचा चित्रकार होता, त्याने एकेक वस्तू सोडून सबंध खोल्याच रंगवल्या. जुन्या काळच्या, सामानाने गच्च भरलेल्या, पडदे आणि झालरी ओसंडणाऱ्या, बऱ्याचशा त्याच्या आठवणीतल्या आणि कल्पनेतल्या. अशा अवलियालाही इंडेक्सने घरात ठेवलं हे मला बरं वाटतं.

मूळ बेत असा होता की सगळं काम झालं की चित्रांचे संच छापायचे आणि शाळा, वाचनालयं, कारखाने यांना पोचवायचे. जॅविट्झबाईंकडे नमुना मागायला येणाऱ्या डिझायनरच्या हाती ते पडावेत. काही चित्रं प्रदर्शनांतून फिरली, मोठमोठ्या दुकानांतही मांडली गेली. पण संच निघाले नाहीत. युद्ध आलं, बेकारी संपली, १९४२ मध्ये काम थांबलं. पोरकी झालेली ही हजारो पानं आधी न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात गेली आणि १९४३ साली वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीकडे आली.

ही गॅलरी उभी राहिली ती अँड्र्यू मेलन यांच्या पैशावर आणि त्यांनी देशाला दिलेल्या चित्रांवर. पिट्सबर्गचे हे धनाढ्य बँकर १९२१ पासून १९३२ पर्यंत देशाचे अर्थमंत्री होते. बाजार कोसळला तेव्हाही खातं त्यांच्याकडेच होतं. वाडा पुरा झालेला पाहायला ते राहिले नाहीत. १९३७ च्या ऑगस्टमध्ये ते वारले, आणि १९४१ च्या मार्चमध्ये दारं उघडली. त्यानंतर दोनच वर्षांनी, मंदीने रस्त्यावर आणलेल्या चित्रकारांची ही पानं त्याच संगमरवरी वाड्यात राहायला आली. राष्ट्राचं घर कसं असावं असं मला कोणी विचारलं तर मी हेच सांगीन. धनवंताच्या रेम्ब्राँबरोबर बेकाराने काढलेला दुधाचा जगही त्यात मावला पाहिजे.

रूथ रीव्हज् यांचं पुढे काय झालं ते वाचलं तेव्हा मी उठून दोन फेऱ्या मारल्या. १९५६ साली त्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवर भारतात आल्या आणि इथल्याच झाल्या. आपल्याकडचे ओतारी मेणाचा साचा करून, त्यावर माती लिंपून, मेण वितळवून तिथे पितळ ओततात, त्या कामाच्या त्या मागे लागल्या. भारतातल्या त्या ओतकामावर त्यांचं पुस्तक १९६२ साली दिल्लीच्या क्राफ्ट्स म्युझियमने काढलं. १९६६ मध्ये दिल्लीतच त्यांचं निधन झालं. आपल्या देशातल्या कारागिराची वस्तू कागदावर आणायला हवी हे ज्यांना न्यू यॉर्कच्या वाचनालयात सुचलं, त्या शेवटी आपल्या ओताऱ्यांच्या भट्टीपाशी येऊन बसल्या. हा मला तरी योगायोग वाटत नाही. एकदा नजर अशी झाली की ती सरहद्द विचारत नाही.

इंडेक्सला चित्र म्हणावं की कागदपत्र, हा वाद त्याच्या जन्मापासून आहे. नावातच सूची आहे, त्यामुळे पुष्कळांनी त्याला वाचनालयातला संदर्भ समजून बाजूला ठेवलं. कलेच्या इतिहासात ज्यांचं नाव मोठं त्यांनी स्वतःचं काही सांगितलं, याने स्वतःबद्दल एक अक्षर काढलं नाही. २००२-०३ च्या हिवाळ्यात गॅलरीने त्याला एकदा दिवाणखान्यात बोलावलं. निवडक पानं भिंतीवर लावली आणि त्यातल्या काहींशेजारी मूळ वस्तूही आणून ठेवल्या. खरी वस्तू आणि तिचं चित्र समोरासमोर. मी तिथे नव्हते, पण त्या प्रदर्शनाचं पुस्तक माझ्याजवळ आहे आणि ते पाहून माझं मत पक्कं झालं. ही चित्रं आहेत. पूर्ण अर्थाने, कोप्ली आणि होमर यांच्या रांगेत बसणारी अमेरिकन चित्रं आहेत. स्वतःला बाजूला ठेवून दुसऱ्याच्या कामाकडे इतकं एकाग्र होऊन पाहणं हेसुद्धा सांगणंच असतं, आणि ते फार थोड्यांना जमलंय.

ही सारी पानं आता गॅलरीच्या संकेतस्थळावर मोकळी आहेत, पैसे पडत नाहीत. वॉशिंग्टनला जाणं झालंच, तर कागदावरची चित्रं पाहण्याच्या खोलीत आधी वेळ मागून घेता येते. घरी बसून पाहणार असाल तर एका वेळी एकच पान उघडा. वस्तू नीट पाहून झाली की खाली या. तिथे बारीक अक्षरांत चित्रकाराचं नाव असतं. ते एकदा तोंडाने मोठ्याने वाचा.